वायरमन भाऊजींची लाईटीवरची गाडी

रविकांत भाऊजींनी तेहतीस वर्षं अख्ख्या तालुक्याला लाईट पुरवली, पण स्वतः लाईटीवर एक दिवस विश्वास ठेवला नाही. हे मी त्यांच्या पाठीमागं बोलत नाही, तोंडावर बोलते. पाठीमागं बोलायला माझ्याकडं वेगळा माल आहे.

नांदेडला आमची आणि त्यांची मधली भिंत एक, अंगणात ती डोक्याएवढीच. भिंत पातळ आणि माझे कान जाड नाहीत, त्यामुळं त्या घरातलं भांडण, हसू आणि घोरणं मला घरपोच मिळतं. भाऊजी वीज कंपनीतून वायरमन म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी जळकोट तालुक्यात झाली. लेक लुंबिनी अकरावीला गेली तेव्हा तिच्या शिक्षणासाठी घर नांदेडला हललं, भाऊजी मात्र तिकडंच खांबावर राहिले. शनिवारी रात्री यायचे, आणि रविवारी जेवायला बसले की फोन वाजायचा: लाईट गेली.

त्यांच्या घरात पाहुणा पहिल्यांदा आला तर त्याला वाटेल, या घरात लाईट अजून पोचायचीच आहे. कोपऱ्याकोपऱ्यात मेणबत्त्या, खिडकीत कंदील, न्हाणीघराच्या खुंटीला टॉर्च. मिक्सर आणला, पण पाटा-वरवंटा हलवू दिला नाही. कुणाच्याही लग्नात त्यांचा आहेर ठरलेला. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरा-नवरीला दोन टॉर्च दिल्या, एक त्याला आणि एक तिला. फोटोग्राफरनं विचारलं, "काका, पाकीट कुठाय?" भाऊजी म्हणाले, "पाकिटात उजेड असतो का रे?"

आणि वारा. वारा सुटला की बाकीची माणसं खिडक्या लावतात, भाऊजी मेन स्विच पाडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भिंतीवरून विचारलंच, "भाऊजी, लाईट हाय की चांगली. कामून बंद केली?"

"जाणारच हाय वैनी."

"गेली तर जाईल."

"तसं न्हाई. ती गेली असं व्हायला नको, आपण घालवली असं पाहिजे. इज्जत राहती."

असा हा माणूस. आणि याच माणसाच्या दारात सहा महिन्यांपूर्वी लुंबिनीनं लाईटीवर चालणारी गाडी आणून उभी केली.

लुंबिनी इंजिनिअर झाली, त्याच कंपनीत लागली आणि नशिबाची गंमत बघा, पोस्टिंग मिळालं जळकोटला. ज्या टेबलासमोर भाऊजी पावसात भिजून उभे राहायचे, त्या टेबलामागं आता लेक बसते. पोरीनं पहिली मोठी खरेदी केली ती बापासाठी. निळी, चार सीटची, पुढून हसल्यासारखी दिसणारी गाडी. भाऊजींनी तिला बाजारातल्या बैलासारखी चारी बाजूंनी फिरून बघितली. दात तेवढे मोजायचे राहिले.

"हिचं इंजिन कुठाय?"

"न्हाई पप्पा."

"सायलेन्सर?"

"न्हाई."

"गिअर?"

"न्हाईत."

"मग हाय काय हिच्यात?"

"लाईट," लुंबिनी म्हणाली.

भाऊजी पायरीवर बसले. चांगुणाताईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, पाण्याचा तांब्या आणला.

त्यांच्याकडं एक जुनी पेट्रोलवाली होती. पांढरी, दुसऱ्याच्या हातची, डावं दार लाथ घातल्याशिवाय उघडायचं नाही. तिच्यावर त्यांचा फार जीव. आमचे हे पेट्रोल पंपावर मॅनेजर. ते सांगतात, भाऊजी टाकी भरताना नळीजवळ उभे राहून नुसता वास घेत असतात, जेवण झाल्यासारखे समाधानानं घरी जातात. भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. "वैनी, पेट्रोल दिसतं. वास येतो. संपलं तर बाटली घेऊन पंपापर्यंत चालत जाता येतं. लाईट संपली तर काय करू? बादली घेऊन डीपीच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभा राहू?"

"आवं, लोक चालवून राहिलेत की," मी म्हणाले.

"लोकांना काय माहीत? मी आतून बघितलीय ती. कोणत्या तारेला कोणती गाठ मारलीय ते मला ठाऊक हाय. त्यातल्या निम्म्या मीच मारल्या."

हलवाई स्वतःची जिलेबी खात नाही, तशातली गत.

तरी लेकीनं दिली म्हणून ते गाडी काढायचे. फक्त मुदखेडपर्यंत. मुदखेडला स्टेशनसमोर चहा प्यायचा आणि परत. बॅटरी निम्म्याला यायच्या आधी घर दिसलं पाहिजे, असा नियम. डिकीत साठ मीटर जाड काळ्या वायरचं भेंडोळं, एक मल्टिमीटर, टेस्टर, पकड आणि एक मेणबत्ती. लांब जायचं असलं की मागच्या बोळातून पेट्रोलवाली निघायची, हळूच, चोरासारखी. पण सायलेन्सर फुटलेला असल्यानं अख्ख्या गल्लीला कळायचं.

लुंबिनी मला फोन करायची. "काकू, पप्पा गाडी वापरून राहिले का?"

"हाव. रोज पुसून राहिले."

पुढच्या काचेखाली टीव्हीसारखी पाटी असते, तिच्यावर बॅटरी किती टक्के उरली ते दिसतं. भाऊजींची नजर रस्त्यावर कमी, त्या टक्क्यांवर जास्त. एक्क्याण्णव. नव्वद. "चांगुणा, नव्वद झाले गं!" सुटीच्या पोरानं दिवस मोजावेत तसे मोजायचे. एकदा मुदखेडच्या वाटेवर टक्के बघता बघता म्हशीला भिडले. म्हशीला काही झालं नाही, तिनं यांच्याकडं वळून असं बघितलं की चांगुणाताई घरी येऊन मला म्हणाल्या, "तारा, माझा जीव त्या पाटीत जाणार बघ."

"मग झाका तिला," मी म्हणाले.

कल्पना माझी होती, कबूल करते. चांगुणाताईंनी कशिद्याचा रुमाल काढला, मोराचा, त्यांच्या लग्नाआधीचा, आणि पाटीवर पसरला. "आता रस्ता बघा." भाऊजी कुरकुरले, मग सवय झाली. टक्के दिसेनात तसा माणसाचा रंग सुधारला.

एवढं सगळं सुरळीत असताना गेल्या चैत्रात बुधवारी संध्याकाळी लुंबिनीचा फोन आला. स्पीकरवर होता. भिंतीच्या अलीकडं मी मेथी निवडत होते, हात आपोआप थांबले.

"पप्पा, शुक्रवारी बारा वाजता आमची नवी लाईन चालू होऊन राहिली. सोलरची. शेतकऱ्यांना दिवसा थ्री फेज भेटणार. रात्रीचं उठून पाणी द्यायचं बंद. आणि साहेब म्हणले, बटण लुंबिनी मॅडमनं दाबायचं."

"अरे वा! येतो की. पेट्रोलवाली काढतो, अडीच तासात हजर."

तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"लाईटीवर या पप्पा," लुंबिनी म्हणाली. "मी गावोगाव सांगत हिंडून राहिले, लाईटीवर भरवसा ठेवा म्हणून. वायरमन बापच पेट्रोलवर आला तर लोकांनी माझं कामून ऐकायचं? आणि टायमावर या. एकदा तरी."

हे 'एकदा तरी' मला भिंतीतून टोचलं, मग भाऊजींना किती टोचलं असेल. पोरीच्या जिंदगीतल्या एकाही कार्यक्रमाला ते वेळेवर पोचलेले नाहीत. दहावीचा सत्कार होता, तेव्हा वादळात सात खांब पडले. कॉलेजात पदवी मिळाली, तेव्हा डीपी जळाली. पाचवीला जळकोटच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर लुंबिनी स्टेजवर भाषणाला उभी राहिली आणि गावाची लाईटच गेली. पोर अंधारात उभी. पाऊण तासानं दिवे लागले, तशा चांगुणाताई पहिल्या रांगेतून ओरडल्या, "बघ, तुझे पप्पा आले!" आणि पोरीनं भाषण पूर्ण केलं. चांगुणाताई हे सांगताना हसतात. लुंबिनी हसत नाही.

भाऊजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "लाईटीवर जायचं. बारा म्हणजे बारा."

मी तेवढ्यात भिंतीवरून डोकं काढून स्वतःला आमंत्रण देऊन घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी भाऊजींनी गाडी चार्जिंगला लावली. गाडीसाठी त्यांनी मीटरच्या पेटीत वेगळा स्विच बसवून घेतलाय, घराच्या मेनच्या शेजारी. सात वाजता जोराचा वारा सुटला, धूळ उडाली, आमच्या पत्र्यावरून कुणाची तरी चादर गेली. मी भिंतीजवळ कपडे गोळा करत होते. पलीकडून आवाज आला: खट्, खट्. दोन स्विच खाली. घर अंधारात. अर्ध्या तासानं वारा पडला, चांगुणाताईंनी मिक्सरसाठी ओरडा केला, आणि आवाज आला: खट्. एक.

खाली दोन, वर एक. मी मोजलं होतं. लोकांच्या घरातलं सगळं मी मोजते. जगाला सांगते. आणि नेमकी ही एवढी एकच गोष्ट कुणाला सांगायची राहिली.

शुक्रवारी आठ वाजता आम्ही निघालो. भाऊजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, चांगुणाताई पुढं, मी मागं धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन. पाटीवर मोराचा रुमाल. भाऊजींचा चेहरा नवरदेवासारखा. रात्रभर चार्जिंग झालेली, त्यांच्या मते, शंभर टक्के गाडी.

लोह्यात चार्जिंगची पाटी दिसली. मी म्हणाले, "भाऊजी, घ्यायची का थोडी?"

"वैनी, पोट भरलेलं असताना हॉटेलात कोण शिरतं?" आणि त्यांनी एसी वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून लाईट जास्त खर्च केली. कंधार गेलं, जांब मागं पडलं, मी गाणं म्हणून राहिले होते, चांगुणाताई टाळ्या वाजवून राहिल्या होत्या. जांबच्या पुढं गाडी 'ट्यांव' असं वाजली.

"चांगुणा, पट्टा लाव."

"लावलाय की!"

"नीट लाव. गाडी उगीच ओरडत न्हाई."

चांगुणाताईंनी पट्टा काढून पुन्हा लावला. ट्यांव. मग मला पट्टा लावायला लावला. ट्यांव, ट्यांव. भाऊजी मला म्हणाले, "वैनी, डब्याला लावा पट्टा." मी धपाट्यांना पट्टा लावला. देवाशप्पथ लावला. गाडी ओरडायची थांबेना, आणि मग हळू व्हायला लागली. सायकलवरचा एक माणूस आम्हाला मागं टाकून गेला आणि जाताना त्यानं नमस्कार केला.

शेवटी भाऊजींनी रुमाल उचलला. पाटीवर लाल कासव आणि टक्के दोन.

गाडी एका आखाड्यासमोर उभी राहिली. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. पुढं पत्र्याची शेड, म्हशी, कोंबड्या, चारा कापायचं कडबाकुट्टीचं मशीन. जळकोट बारा किलोमीटर. घड्याळात दहा वीस.

"शंभर होते," भाऊजी म्हणाले. "मी स्वतः लावली होती."

तेव्हा मला खट् खट् आठवलं. मी बारीक आवाजात म्हणाले, "भाऊजी, काल वाऱ्यात तुम्ही दोन स्विच पाडले. वर एकच केला."

चांगुणाताईंनी माझ्याकडं बघितलं. "तारा, तू आजपर्यंत किती फालतू गोष्टी सांगितल्यास गं मला!"

मी डबा पुढं केला.

शेडमधून एक उंच, मिशीवाला माणूस बाहेर आला. गळ्यात उपरणं, डोळ्यांत मस्ती. भाऊजींना बघून तो थबकला, आणि मग त्याचं तोंड असं उजळलं की जणू घरी नातू जन्मला.

"वायरमनसाहेब!"

भाऊजी पुटपुटले, "मेलो. सटवाजीराव."

सटवाजीरावांची आणि त्यांची ओळख जुनी. बारा वर्षांपूर्वी सटवाजीरावांनी लाईनीवर आकडा टाकून चोरून विहिरीवरची मोटार चालवली होती. भाऊजींनी तो काढला, वर सगळ्या गावासमोर चांगलं झाडलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"गाडी बंद पडली काय? पेट्रोल देऊ?"

"पेट्रोलची न्हाई," भाऊजी खाली बघून म्हणाले. "लाईटीची हाय."

सटवाजीराव दोन मिनिटं हसले. मग त्यांनी हाका मारून शेजारच्या आखाड्यांवरची माणसं बोलावली, एकट्यानं हसायला त्यांना पुरेना. पाच-सहा जण जमले. पण माणसं चांगली. हसता हसता सगळ्यांनी गाडी ढकलत शेडपर्यंत नेली. कडबाकुट्टीजवळ जाड पिनच्या तीन सॉकेटांचा बोर्ड होता. गाडी आणि सॉकेटमध्ये अंतर बरंच, मध्ये म्हशी. भाऊजींनी ऐटीत डिकी उघडली आणि काळ्या वायरचं भेंडोळं काढलं. "वायरमनची गाडी हाय. तयारीत असतो आपण."

सटवाजीराव जवळ आले. भेंडोळं हातात घेतलं. एक गाठ चाचपली, तिथं लाल चिकटपट्टी होती.

"वायरमनसाहेब, ही वायर माझी हाय."

भाऊजींनी डिकी लावून टाकली.

"ही माझीच चिकटपट्टी! आकड्याची वायर! बारा वर्षं झाली, मी समजून राहिलो आपिसात जमा झाली."

"जमाच करणार होतो," भाऊजी म्हणाले. "चांगली तांब्याची होती. सांभाळली."

चांगुणाताईंनी पदर तोंडावर धरला. मी तर म्हशीच्या आड जाऊन हसून घेतलं. सटवाजीराव माणसांना म्हणाले, "बघा रे, माझी वायर, माझंच घर आणि आकडा टाकून राहिले वायरमनसाहेब!"

"आकडा न्हाई! सॉकेट हाय!" भाऊजी तांबडे झाले.

सगळं जोडलं. भाऊजींनी सॉकेटचा खटका दाबला. गाडीवर हिरवा दिवा लागायला पाहिजे होता. लागला नाही. मल्टिमीटर लावला. शून्य.

"लाईट न्हाई सकाळपासून," सटवाजीराव थंडपणे म्हणाले. "सांगणार होतो, पण तुमची ऐट बघून राहिलो होतो."

भाऊजींनी तिथल्या नव्या वायरमनला फोन लावला. धम्मदीप त्याचं नाव, भाऊजींच्याच हाताखाली शिकलेला. लेकीला फोन करायची हिंमत नव्हती, म्हणून त्याला.

"हाव साहेब, वाटंतच हाय. दहा मिनिटं!"

"वाटंत कुठं?"

"ह्ये काय, फाट्यावर आलो."

भाऊजींनी फोन कानापासून लांब धरला, डोळे बारीक केले. "धम्मदीप, भजे तळायचा आवाज येऊन राहिला. तू जांबला हॉटेलात हाईस."

तिकडून फोन कट.

माणसांत हास्याचा असा स्फोट झाला की कोंबड्या उडाल्या. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "वायरमनसाहेब, तेहतीस वर्षं तुम्ही आम्हाला ह्येच सांगितलं. वाटंतच हाय! आम्हाला कधी भजे ऐकू आले न्हाईत बगा."

"मी खरंच वाटंत असायचो," भाऊजी म्हणाले.

"हाव. भज्याच्या वाटंत."

भाऊजी कडबाकुट्टीच्या कट्ट्यावर बसले. हसले नाहीत. अकरा वाजले, साडेअकरा झाले. आम्ही धपाटे वाटले, दही आखाड्यावरचंच निघालं, माणसं बोटं चाटून राहिली होती आणि भाऊजींनी हातातला घास तसाच धरलेला. इस्त्रीच्या शर्टावर शेणाचा ठिपका पडला होता, तो त्यांना दिसला नव्हता.

सटवाजीरावांना ते दिसलं असावं. मस्करी बंद करून ते म्हणाले, "कुठं पोचायचं हाय?"

"जळकोट. बाराला. लेक बटण दाबून राहिली."

"मग बसा की माझ्या मोटारसायकलवर! वीस मिनिटं. फुल टाकी हाय पेट्रोलची."

भाऊजी उठले. गाडीकडं बघितलं, मोटारसायकलकडं बघितलं. वेळेवर गेले तर पेट्रोलवर. लाईटीवर गेले तर उशिरा. पोरीनं दोन्ही मागितलं होतं. त्यांनी मोटारसायकलवर टांग टाकली, परत काढली, परत टाकली.

"आवं, बसा न्हाईतर उतरा," चांगुणाताई ओरडल्या, "त्या गाडीला गुदगुल्या कामून करून राहिलात!" आणि त्यांनी स्वतःच लुंबिनीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"कुठं हाव मम्मी? मंडपात सगळे आलेत."

भाऊजींनी घसा साफ केला. "लुंबिनी, गाडी बंद पडली. चूक माझी हाय, लाईटीची न्हाई. इथं सटवाजीरावांच्या आखाड्यावर हाय. पेट्रोलवर येऊ का बेटा? टायमावर पोचतो."

"कुणाच्या आखाड्यावर?"

"सटवाजीराव. नाल्यापलीकडचा. शेवटची डीपी."

तिकडून लुंबिनी जोरात म्हणाली, "पप्पा, हलू नका तिथून! सकाळपासून लाईट मीच बंद केलीय. नवी लाईन जोडायला. तुम्ही माझ्या लाईनीच्या शेवटच्या टोकावर हाव. तिथं पूर्ण दाबानं लाईट पोचती का न्हाई, हीच भीती हाय मला. माणूस पाठवला होता मीटर घेऊन, धम्मदीपला. तो म्हणतो वाटंतच हाय."

"भजे खाऊन राहिला," भाऊजी म्हणाले.

"तुमच्याकडं मल्टिमीटर हाय?"

भाऊजी ताठ झाले. तेहतीस वर्षांची नोकरी पाठीच्या कण्यात परत शिरली. "हाय मॅडम."

"मग मी बटण दाबल्यावर सांगा मला. लोड घेऊन सांगा."

मोटारसायकल बाजूला झाली. आता भाऊजी मीटरच्या दोन पिना शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये धरून बसले, आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती. बारा वाजले. काही नाही. बारा पाच. काही नाही.

"येईल ना?" भाऊजींनी विचारलं. कुणाला, तर सटवाजीरावांना.

"दम धरा वायरमनसाहेब. भाषणं चालू असतील."

बारा दहा. भाऊजी म्हणाले, "लई बेकार असतं हो हे, वाट बघणं."

"हाव का?" सटवाजीराव म्हणाले, पण हळूच म्हणाले.

बारा सतराला शेडमधला बल्ब पेटला, आणि त्याच क्षणी कुणीतरी खटका चालू ठेवलेलं कडबाकुट्टीचं मशीन भणभणून सुरू झालं. म्हैस उडाली, कोंबड्या पत्र्यावर गेल्या, माझ्या हातातला डबा सटवाजीरावांच्या पायावर. "आली! आली!" म्हातारासुद्धा टाळ्या पिटत नाचायला लागला. निळ्या गाडीच्या नाकावर हिरवा दिवा लुकलुकला.

चांगुणाताईंनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, तुमची लेक आली."

भाऊजींना मीटरवरचा नंबर वाचता येईना. चष्मा होता नाकावर, तरी वाचता येईना. मीच वाकून वाचला. "दोनशे एकतीस व्होल्ट, भाऊजी."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "मॅडम, शेवटची डीपी. दोनशे एकतीस. पूर्ण दाब, लोड घेऊन. कडबाकुट्टी चालू, गाडी चालू, सगळं चालू."

तिकडं मंडपातला गोंगाट, आणि त्यातून लुंबिनीचा आवाज. "टायमावर पोचलात पप्पा."

बारा किलोमीटरला पाऊण तासाचं चार्जिंग खूप झालं असतं. भाऊजी चाळीस टक्के झाल्याशिवाय उठले नाहीत. जळकोटला पोचलो तेव्हा पावणेचार. मंडपवाले खांब काढून राहिले होते, आणि लुंबिनी ऑफिसच्या पायरीवर तीन ताटं झाकून बसलेली. बापाला बघून ती उठली नाही. तिनं त्यांच्या शर्टावरचा शेणाचा ठिपका बघितला आणि इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी उठून त्यांच्या गळ्यातच पडली. पुढचं काही मी बघितलं नाही; मला भूक लागली होती.

वायर सटवाजीरावांनी ठेवून घेतली. बदल्यात दह्याचं मडकं दिलं.

पेट्रोलवाली अजून मागच्या बोळात ताडपत्रीखाली उभी आहे. भाऊजी म्हणतात, असू द्या, खात न्हाई काही. पण दोन महिन्यांत ती हललेली नाही. आमचे हे म्हणतात, एक वास घेणारं गिऱ्हाईक गेलं. निळी गाडी महिन्यातून दोनदा जळकोटला जाते, मोराचा रुमाल पुन्हा चांगुणाताईंच्या पेटीत गेला, आणि भाऊजी लोह्याच्या चार्जिंगवर थांबून ओळखपाळख नसलेल्या लोकांना सांगत असतात की शेवटच्या डीपीवर दोनशे एकतीस होते.

परवा संध्याकाळी पुन्हा वारा सुटला. मी भिंतीजवळ होतेच. पलीकडून आवाज आला: खट्, खट्. अंधार. मी कान लावून बसले. वारा पडला. खट्.

एक.

मी पाच मिनिटं वाट बघितली. मग स्टुलावर चढून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "भाऊजी, दुसरा!"

खट्.